आधी सांगा, मग सही

कॉटनपेटेतल्या मुलींच्या वसतिगृहात गेल्या महिन्यात इथल्या मराठी समाजाने संगमरवराची पाटी बसवली. पाटीवर नऊ नावे आहेत. पहिले समाजाच्या अध्यक्षांचे, त्यामागून कार्यकारिणीच्या सात जणांची, आणि सर्वांत खाली, जागा उरली होती म्हणून की काय, 'कै. सुंद्राक्का'. आडनावसुद्धा नाही. हे घर तिचे होते. तिने ते दिले. वरच्या आठ जणांनी ते तिच्या मनासारखे दिले जाऊ नये म्हणून काय काय केले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ज्या माणसाच्या हट्टामुळे ते घर आज मुलींचे आहे, त्याचे नाव पाटीवर नाहीच. मी विचारले तर उत्तर मिळाले, "ते काय, वकील. त्यांचं कामच ते."

नाही. वकिलांचे काम काय असते ते मी त्या वर्षी तीन वकिलांसमोर बसून पाहिले. गणोजीराव जे करत ते या गावात वकिलांचे काम समजले जात नव्हते. समजले जात असते तर कितीतरी विधवांची घरे विधवांकडेच राहिली असती.

सुंद्राक्का सरकारी इस्पितळात सुईण होती. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेल्या मराठी घराण्यांतली. नवरा लवकर गेला, मूल नव्हते. तीस वर्षे दुसऱ्यांची बाळंतपणे करून तिने स्वतःच्या कमाईतून कॉटनपेटेत सहा खोल्यांचे घर घेतले. दोन खोल्यांत ती राहायची आणि बाकीच्यांत शिकायला आलेल्या मुलींना ठेवायची. त्यांपैकी एक होती आनेकलची नागरत्ना. तिची शाळा सुटण्याआधीच आनेकलची शेवटची बस सुटायची, म्हणून मुलीचे शिक्षण थांबायचे होते. सुंद्राक्का म्हणाली, "बस थांबत नाही तर पोर थांबेल. माझ्याकडे थांबेल." नागूची जात कळल्यावर अध्यक्षांच्या बायकोने सुंद्राक्काच्या घरचे पाणी पिणे बंद केले. सुंद्राक्काने तिच्यासाठी वेगळा पेला काढायचे बंद केले. झाले.

आपल्यामागे या मुली रस्त्यावर येतील, पुतण्या शामराव दुसऱ्याच दिवशी कुलूप बदलेल, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून घराचा ट्रस्ट करायचे तिने ठरवले, आणि वकील शोधायला मला बरोबर घेतले. मी शेजारची. आम्ही निपाणीकडचे, वडिलांचा सुलतानपेटेत छापखाना होता. मुळाक्षरे मी गिरणी कामगारांच्या पत्रकांवर गिरवली होती आणि बाविसाव्या वर्षी मला वाटत असे की जगातला कोणताही अन्याय एका चांगल्या पत्रकाने हटवता येतो.

पहिल्या वकिलाने आम्हा दोघींच्या मागे, दाराकडे पाहिले. "बरोबर पुरुष माणूस कोण आलंय?" कोणी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग उद्या घेऊन या." दुसरा म्हणाला, "ट्रस्ट कशाला, अक्का? मृत्युपत्र करा पुतण्याच्या नावे. शामराव चांगला मुलगा आहे, माझ्याकडेच येतो." तिसरा वकील स्वतः अध्यक्षांनी सुचवला. त्याच्याकडे कागद तयारच होते. इंग्रजीत टाइप केलेली सात पाने. अध्यक्ष शेजारी बसले होते, कॉफी आली होती. वकिलाने शेवटच्या पानावर बोट ठेवले, "इथे अंगठा."

"मला सही येते," सुंद्राक्का म्हणाली.

"मग सही करा. तेवढीच शोभा."

सुंद्राक्काने पिशवी चाचपली, चष्मा घरी राहिला म्हणाली, आणि कागद पिशवीत घालून उठली. चष्मा पिशवीतच होता. रस्त्यावर आल्यावर मी तिला शाबासकी दिली, तर म्हणाली, "वाचायचं म्हणून नाही गं उठले. मला कुठलं इंग्रजी? तो 'शोभा' म्हणाला ना, म्हणून उठले."

त्या एका शब्दाने घर वाचले. मी आजही त्या वकिलाच्या उद्धटपणाची ऋणी आहे.

वडिलांनी गणोजीरावांचे नाव सांगितले. "काम होईल. पण लवकर होणार नाही. आणि तुझं त्यांच्याशी भांडण होईल." तिन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या.

बळेपेटेत एका दोरखंडाच्या दुकानावर त्यांची खोली होती. जिन्याला कठडा नव्हता. दुकानदाराने एक जाड दोर वरून खाली बांधून दिला होता, तो धरून चढायचे. गणोजीराव उंच, वाकलेले, काळा कोट खांद्यांवर हिरवट पडलेला. कोटाच्या खिशात भाजलेले चणे. ते कोर्टात मधल्या सुटीत विरुद्ध बाजूच्या वकिलालाही देत. खोलीत एकच धड खुर्ची होती आणि ती पक्षकाराची. स्वतः ते एका बुटक्या स्टुलावर बसत, त्यामुळे गुडघे छातीशी येत. कागद वाचण्याआधी वहाणा काढून ठेवत. पक्षकार कानडी असला तर कानडीत बोलत, तमिळ असला तर तमिळमध्ये, आमच्याशी त्यांच्या जुन्या, कानडी मिसळलेल्या मराठीत. इंग्रजी फक्त कागदावर. "इंग्रजीत इथे कोण रडतं?" असे ते म्हणत.

सुंद्राक्काला खुर्चीवर बसवून त्यांनी ती सात पाने घेतली. "स्वल्प दम धरा, अक्का. मी वाचतो. मधे बोलायचं नाही. मग तुम्ही मला सांगायचं."

"मी काय सांगू, अण्णा? तुम्ही वकील."

"कागद तुमचा आहे. तुम्हीच सांगायचं."

एकेक वाक्य इंग्रजीत वाचून त्याचे मराठी करत त्यांनी सात पाने संपवली. मग विचारले, "काय दिलं तुम्ही?"

"घर."

"कुणाला?"

"पोरींना."

"नाही. तीन माणसांना. अध्यक्ष, त्यांचा वकील आणि शामराव. परत सांगा. घर विकता येतं?"

"कसं येईल? पोरी राहतात ना."

"येतं. पाचव्या पानावर. तिघांना योग्य वाटेल तेव्हा. नागू इथे राहील?"

"राहील की."

"नाही. 'समाजातील मुलींसाठी' लिहिलंय. ती समाजातली नाही. सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाहेर."

सुंद्राक्काने ती पाने आपल्याकडे ओढली. मग तिने विचारले, "आणि मी?"

"तुमचा फोटो दिवाणखान्यात लावायचा आहे. हाराची सोय केलेली आहे."

मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, "रांडेच्यांनी हारसुद्धा ठरवून ठेवला!" गणोजीराव इतके हसले की स्टूल हलले. तिथून ती दोघे भाऊ-बहीण झाली.

ही त्यांची पद्धत होती. नवा दस्त ते आधी पक्षकाराच्या भाषेत हाताने लिहीत, मग त्याचे इंग्रजी करीत, मग इंग्रजीवरून परत वाचून दाखवीत, आणि ज्याचा कागद त्याने तो स्वतःच्या शब्दांत पुरता सांगितल्याखेरीज सही करू देत नसत. मान डोलावणारा माणूस त्यांना चालत नसे. "डोकं हलतं म्हणजे कान उघडे आहेत असं नाही." 'वगैरे' या शब्दावर त्यांचा विशेष राग. "घर वगैरेत जातं, अक्का. पहिल्या ओळीत कोणी चोरी करत नाही." इतर वकील दिवसाला तीन-चार दस्त उरकत. यांचा एक दस्त आठवडाभर चाले. एकदा होसकोटेचे चार भाऊ वाटणीपत्र करायला आले. थोरला म्हणाला, सगळ्यांना सगळे ठाऊक आहे. गणोजीरावांनी धाकट्याला एकट्याला खुर्चीवर बसवले आणि सांगायला लावले. विहीर कोणत्या वाट्यात गेली हेच त्याला माहीत नव्हते. थोरल्याने कागद उचलले, तिघांना घेऊन जिना उतरला, आणि त्याच दुपारी समोरच्या गल्लीतल्या वकिलाने वाटणीपत्र करून दिले. धाकटा निघताना खुर्चीकडे वळून पाहत होता, एवढे गणोजीराव सांगत.

या माणसाला कोर्टातले लोक 'परतसांगा' म्हणत. टिंगल म्हणून! ज्यांनी न वाचलेल्या कागदांवर अंगठे घेऊन बंगले बांधले ते याला मंद म्हणत, विक्षिप्त म्हणत. समाजाच्या सभेत वकिलांना पहिल्या रांगेत खुर्च्या असत. गणोजीराव मागे खांबाला टेकून उभे असायचे.

सुंद्राक्काचा दस्त महिनाभर चालला. पाच विश्वस्त, त्यांतल्या निदान तीन बायका. पहिली विश्वस्त सुंद्राक्का स्वतः. मुली कोणत्याही जातीच्या, बाहेरगावच्या. घर विकायचे नाही, गहाण ठेवायचे नाही. मी त्यांनाच विश्वस्त व्हा म्हटले तर उखडले. "कागद लिहिणाऱ्याने त्या कागदात जाऊन बसू नये. एवढंही तुझ्या पत्रकांतून शिकली नाहीस, छापखानेबाई?"

तो महिना मला सहन झाला नाही. अध्यक्ष आणि शामराव उजळ माथ्याने फिरत होते, आणि माझ्याकडे ती सात पाने होती! मी पत्रक लिहिले. 'एका सुईणीच्या घरावर तीन सज्जनांचा डोळा'. वडिलांनी शीर्षक वाचून एकदा माझ्याकडे पाहिले आणि छापले. समाजाच्या सभागृहाबाहेर मी स्वतः उभी राहून वाटले. लोकांनी वाचले, खूप वाचले. आणि दुसऱ्या दिवशी शामरावाने कॉटनपेटेच्या तोंडाशी उभे राहून जाहीर केले की घर सामाईक आहे, काकूचे डोके ठिकाणावर नाही, आणि तो कोर्टातून मनाई आणणार आहे.

मी अभिमानाने पत्रक घेऊन गणोजीरावांकडे गेले. त्यांनी ते वाचले, घडी घातली.

"यात खोटं एक अक्षर नाही," ते म्हणाले.

"मग?"

"दस्त नोंदला का?"

"नाही अजून."

"मग चोराला दारावरची कडी कुठे आहे ते छापून का वाटलंस?"

मी ओरडले. लोकांना सत्य कळायला नको का, म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "कळायला हवं. घर वाचल्यावर. तुझ्या रागाला आजच जेवायला हवं होतं, नागूला मात्र अजून चार वर्षं झोपायला जागा हवी आहे." ते वाक्य खरे होते, हे मी आज मान्य करते. पण म्हणून राग करू नये, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आताही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत धावलो. शामराव त्याच वेळी कोर्टात मनाईचा अर्ज देत होता. कचेरी बंद व्हायला अर्धा तास होता. कारकून घाई करत होता, साक्षीदार हजर होते, स्टँपचे कागद टेबलावर होते. आणि गणोजीरावांनी सुंद्राक्काला बाकावर बसवले. "सांगा."

तिने सांगितले. घर, मुली, विश्वस्त, विक्री, गहाण. "आणि एखादा विश्वस्त मेला तर? त्याच्या जागी कोण?"

सुंद्राक्का थांबली. "त्याचा मुलगा?"

"नाही."

"मग अध्यक्ष नेमतील."

"नाही, अक्का. आठवा."

तिला आठवेना. धावपळीने ती घाबरली होती. मी म्हटले, "अण्णा, आता सही होऊ द्या. मी तिला घरी समजावते." कारकूनही म्हणाला, "सही घ्या हो, साहेब, सगळेच घेतात."

"म्हणूनच," गणोजीराव म्हणाले आणि स्टँपचे कागद गोळा केले. "उद्या येऊ."

मी त्यांना त्या व्हरांड्यात काय काय बोलले ते लिहीत नाही. म्हातारा तत्त्वासाठी दुसऱ्याचे घर घालवतो आहे, हा त्यातला सगळ्यांत सौम्य भाग. ते ऐकून घेत वहाणा घालत होते. "मेल्यानंतर कोण येणार हेच जर तिला माहीत नसेल," ते म्हणाले, "तर ती घर कुणाला देते आहे हे तिला माहीत नाही. मग माझ्यात आणि त्या सात पानांत फरक काय?" आणि चणे खात निघून गेले.

त्या संध्याकाळी नागूने आणि सुंद्राक्काने मिळून ते कलम घोकले नाही, भांडून समजून घेतले. विश्वस्ताच्या जागी उरलेले चौघे नवा नेमतील, आणि इथे राहून शिकलेल्या मुलींपैकी निदान एक नेहमी असेल. "म्हणजे उद्या तू," सुंद्राक्का नागूला म्हणाली. "आता लक्षात राहील." सकाळी कचेरी उघडताच तिने दस्त सांगितला, सही केली, नोंद झाली. शामरावाचा अर्ज सुनावणीला येईपर्यंत घर ट्रस्टचे झालेले होते.

म्हणून त्याने दस्त रद्द करण्याचा दावा लावला. दाव्यातला मुख्य मुद्दा काय असावा? काकू अडाणी आहे, इंग्रजी कागदात काय आहे हे तिला कळलेच नाही, वकिलाने फसवून सही घेतली. ज्या माणसासाठी सात पानांवर तिचा अंगठा मागितला जात होता तोच हे म्हणत होता! आणि साक्षीला अध्यक्ष आले. त्यांनी पिंजऱ्यात उभे राहून सांगितले की बाई भोळी आहे, तिला व्यवहारातले काही कळत नाही. गळ्यात उपरणे होते. आवाज जड झाला होता.

मग सुंद्राक्का उभी राहिली. शामरावाच्या वकिलाने कानडीत विचारले, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"नाही."

"मग कागदात काय आहे ते तुम्हाला कसं माहीत?"

"सांगू?"

"थोडक्यात सांगा."

"थोडक्यात नाही येत. सगळं सांगते." आणि ती सांगू लागली. वकील दोनदा मध्ये बोलला. दुसऱ्या वेळी ती त्याला म्हणाली, "मधे बोलायचं नाही." कोर्टात हशा पिकला, न्यायाधीशांनी वकिलाला बसवले. पंधरा-वीस मिनिटे ती बोलत होती. विश्वस्ताच्या मरणाचे कलम सांगताना तिने अध्यक्षांकडे पाहिले.

वकील उठला. "हे पाठ करून घेतलेलं आहे. यांच्या वकिलाची ती प्रसिद्ध सवयच आहे."

न्यायाधीशांनी गणोजीरावांना विचारले, "तुम्ही यांना दस्त कोणत्या भाषेत समजावला?"

"मराठीत."

"कानडीत?"

"एकदाही नाही."

न्यायाधीश शामरावाच्या वकिलाकडे वळले. "मराठीत पाठ केलेलं कोणी कानडीत म्हणून दाखवत नाही. ज्याला कळलंय तोच ते दुसऱ्या भाषेत सांगतो."

कॉटनपेटेत आपण सगळेच घरात एक भाषा बोलतो आणि दारात दुसरी. सुंद्राक्काने घरात समजलेले दारात सांगितले, एवढेच. आणि तेवढ्यावर दावा फेटाळला गेला.

यापुढचे लिहिताना हात आवरत नाही. शामराव दावा हरल्यावर महिन्याभरात समाजाने सुंद्राक्काचा सत्कार केला. अध्यक्षांच्या हस्ते! त्यांनी भाषणात 'आपल्या समाजाचे वसतिगृह' असे तीनदा म्हटले. खाली बसलेल्यांत एकालाही लाज वाटली नाही. गणोजीरावांना आमंत्रण नव्हते. मी त्यांना सांगितले, याच्यावर पत्रक काढते. ते म्हणाले, "काढ. आता काढ. आता घराला काही होत नाही." आणि मी काढले तेव्हा मुद्रितशोधनात त्यांनी दोन 'वगैरे' खोडले.

सुंद्राक्का सात वर्षांनी गेली. तोवर नागरत्ना शिक्षिका झाली होती, विश्वस्त झाली होती आणि वसतिगृह तीच चालवत होती. गणोजीरावांना मी शेवटचे पाहिले ते त्या वसतिगृहात.

दुपारची वेळ होती. मी नागूकडे बसले होते. फाटक वाजले. गणोजीराव एका हाताने कुंपण चाचपत अंगणात आले. दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेले कागद होते. ते पायऱ्यांपाशी येऊन थांबले. नागूने वरून हाक मारली, "वर या ना, अण्णा."

"नाही. दस्तात काय आहे? पुरुषांनी पायऱ्यांच्या वर यायचं नाही."

नागू हसली. "पुढचंही वाक्य आहे, अण्णा. तुम्हीच लिहिलंय. डॉक्टर आणि ट्रस्टचे वकील सोडून."

"सरी, बरोबर. नीट सांगितलंस." ते पायरीशीच उभे राहिले. "पण मी आता वकील नाही. काल सनद परत केली."

आम्ही दोघी खाली उतरलो. जवळून पाहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवरचा पांढरा पडदा दिसला. मी म्हटले, डोळ्यांचे काय, एखादा मदतनीस ठेवा, तो वाचेल. त्यांनी मान हलवली. "मला दिसत नाही ते मी दुसऱ्याला वाचून दाखवणार? मग इतकी वर्षं लोकांना खुर्चीवर कशाला बसवलं?" बळेपेटेत त्याच दिवशी, धड डोळ्यांच्या किती वकिलांनी किती कागद न वाचता उरकले असतील, हे माझ्या मनात आले.

त्यांनी फडके सोडले आणि सुंद्राक्काच्या दस्ताचा तो हाताने लिहिलेला पहिला मराठी खर्डा नागूच्या हातात दिला. आत मुलींची जेवणे चालली होती, कोणी तरी कोणाला तरी कानडीत रागावत होते. ते थोडे ऐकत उभे राहिले.

"आत किती जणी आहेत?" त्यांनी विचारले.

"अकरा."

"सगळ्या बाहेरगावच्या?"

"सगळ्या."

"सरी," ते म्हणाले, आणि कुंपण चाचपत फाटकाकडे वळले. नागू त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली. बाहेर पडल्यावर त्यांनी हात आत घालून कडी लावली, ती बसली की नाही ते बोटांनी पुन्हा एकदा पाहिले, आणि ते निघून गेले.